खालच्या मजल्याची बोली

रथसप्तमीच्या रविवारी बाबनरावांनी खालच्या मजल्यावरचे सहाही लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद ठेवले, तेव्हा तांडापेठेतल्या त्या घरातल्या माणसांना एकमेकांचे आवाज नव्यानं ऐकू आले. त्यांच्या बायकोला, मैनाबाईंना, आपण किती मोठ्यानं बोलतो ते कळलं, आणि त्या आणखीच मोठ्यानं बोलू लागल्या. आज नातीची लूट, म्हणजे बोरन्हाण होतं. बोरं, चुरमुरे, रेवड्या, उसाचे करवे सगळं परातीत कालवून ठेवलं होतं आणि उमरेडहून आलेली त्यांची लेक अंजू हलव्याचे दागिने दोऱ्यात ओवत बसली होती. नात, म्हणजे गार्गी, काळ्या फ्रॉकमध्ये घरभर फिरत होती आणि येईल त्याच्याकडून बोरं वसूल करत होती.

सून मयुरी मात्र सकाळपासून गप्प होती. गप्प असण्याचं कारण असं की तिनं घरच्यांना न विचारता अंगणवाडीच्या इंदूबाईंना लुटीचं आमंत्रण दिलं होतं. सरळ सांगायचं तर तिनं कट केला होता, आणि कट करण्याची सवय नसलेल्या माणसाचं जे होतं तेच तिचं होत होतं. दोनदा चहात साखर विसरली.

मयुरी काटोलकडची. संत्र्याच्या बागेतलं घर, मोटरपंप सोडला तर दिवसभर दुसरा आवाज नाही. लग्न होऊन इथं आली तेव्हा पहिले आठ दिवस तिला वाटलं की सासरचे सगळे आपल्यावर रागावलेत. कोणी तोंड उघडतच नव्हतं. सासरे जिन्यात उभे राहून हवेत बोटं नाचवत आणि सासू स्वयंपाकघरातून तशीच बोटं नाचवून उत्तर देत. मग नवऱ्यानं, पंकजनं समजावलं. बाबनरावांची सव्वीस वर्षं मिलच्या विणाई खात्यात गेली होती. तिथं शेकडो लूम एकदम चालत, त्यात माणसाच्या तोंडाचा काही उपयोग नसे, म्हणून सगळं खातं हातांनी बोलायचं. मिल बंद पडली, बाबनरावांनी जुने लूम आणून खालच्या मजल्यावर बसवले, आणि त्या लूमबरोबर ती बोलीही घरी आली. दोन बोटं कात्रीसारखी उघडली की धागा तुटला. मूठ उघडून तळवा पालथा केला की कांडीवरचं सूत संपलं. मिशीला पीळ दिला की जॉबर आला, म्हणजे खात्यावरचा मुकादम. आता घरात जॉबर कुठला यायला? म्हणून ती खूण बाबनरावांनाच चिकटली. ज्या जॉबरचा त्यांनी जन्मभर राग केला, त्याचं नाव म्हातारपणी त्यांच्याच वाट्याला आलं.

गार्गी ही बोली दुधाबरोबर शिकली. दीड वर्षाची असताना तिनं दोन बोटं उघडून आजोबांना तुटलेला धागा दाखवला होता. बाबनरावांच्या आधी तिनं पाहिला होता! ही गोष्ट बाबनराव महिनाभर सगळ्या गल्लीला सांगत होते.

पण आता ती दोन वर्षं पाच महिन्यांची होती, आणि तिच्या तोंडातून अजून 'आई' आलं नव्हतं.

घरात या गोष्टीची काळजी कोणालाच नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. पंकज चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता आणि आता गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात तो गिऱ्हाइकाला तोंड उघडू देत नाही, हे मैनाबाईंनी इतक्यांदा सांगितलं होतं की तो जणू घराण्याचा रिवाज झाला होता. दिवाळीत काटोलला सुतळी बॉम्ब फुटला तेव्हा सगळी पोरं आयांच्या पदरात शिरली, गार्गी एकटी अंगणात रांगोळी पुसत बसली. "वाघीण आहे!" असं सगळे म्हणाले. मयुरीही हसली. त्या दिवसानंतर मात्र ती मुलीच्या मागं उभी राहून हळूच टाळी वाजवून बघू लागली. कधी मुलगी वळायची, कधी नाही. आणि वळली की मयुरी ठरवायची, ऐकू येतं.

गुरुवारी अंगणवाडीत इंदूबाईंनी वाढीचं कार्ड उघडलं. नावानं हाक मारल्यावर बघते का? दोन शब्द जोडून बोलते का? मयुरीचं बोट त्या ओळींवर थांबलं. शुक्रवारी तिनं धीर करून सासऱ्यांना विचारलं की मंगळवारी मुलीला सरकारी दवाखान्यात दाखवू का. बाबनरावांनी तिच्या तोंडाकडे बघत ऐकून घेतलं आणि मान फिरवून सांगितलं, "माह्या नातीवर शिक्का मारून आणायचा नाही." विषय संपला. म्हणून हे आमंत्रण.

*

लूट झोकात झाली. गार्गीला पाटावर बसवलं, मैनाबाईंनी परात तिच्या डोक्यावर रिकामी केली आणि गल्लीतली आठ-दहा पोरं बोरांवर तुटून पडली. गार्गीनं कोणाला दाद दिली नाही. मांडीवर पडलेली बोरं तिनं फ्रॉकच्या ओच्यात भरली आणि एका मोठ्या पोराचा हात धरून त्याच्या मुठीतली दोन परत घेतली.

"गार्गी! इकडं पाह्य वं बेटा!" अंजू तिच्या मागून मोबाइल धरून ओरडत होती. "गार्गी! अवं ए राणी! आत्याकडं पाह्य!"

मुलगी बोरं मोजल्यासारखी एकेक उचलून बघत होती.

"फोटोले बी भाव देऊन नाही राहिली पोट्टी," बाबनराव कौतुकानं म्हणाले. पोरांना रेवड्या देऊन वाटेला लावलं, तेव्हा कुठे मागच्या खुर्चीवरच्या इंदूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"बाबनराव, राग मानू नका जी," त्या म्हणाल्या. "पण अंजूबाईनं सहा वेळा आवाज दिला. मी मोजून राहिली होती."

अंजूनं आधी इंदूबाईंकडे आणि मग मयुरीकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं.

"तू बोलावलं का वं यांना?"

"हो ताई," मयुरी म्हणाली. ती उठून उभी राहिली. "मी बोलावलं. गार्गीचे कान तपासायचे आहेत. मामाजी नाही म्हणाले, म्हणून बोलावलं."

"कान?" बाबनराव उठून उभे राहिले. "कानाले काय झालं तिच्या? खाली लूम लावला की नाचते ती! बिनकानाची नाचते का? पंकज, जा गा खाली. दाराजवळचा लूम लाव. अन् इथं कोणी काही बोलू नका."

पंकज क्षणभर घुटमळला आणि जिना उतरला. गार्गी पाटाच्या कडेला, अनवाणी पाय फरशीवर टेकवून, एका बोराची बी थुंकण्याच्या खटपटीत होती.

खाली लूम सुरू झाला. खटाक-खट, खटाक-खट.

गार्गी थांबली. तिनं खाली फरशीकडे पाहिलं, मग जिन्याकडे, आणि तोंडभर हसली. दोन्ही मुठी मागंपुढं करत ती लूमची नक्कल करू लागली.

"घ्या!" अंजूनं टाळी वाजवली. "झालं समाधान? उगीच लेकराच्या सणाच्या दिवशी..."

मयुरीला रडू आलं. हरल्याचं नाही, आनंदाचं. या एका भांडणात आपण खोटं ठरावं, मग जन्मभर सगळ्यांनी टोमणे मारले तरी चालेल, असं ती गेले तीन महिने देवाला सांगत होती. तिनं सासऱ्यांच्या पाया पडायला पदर सावरलाही.

पण इंदूबाई गार्गीच्या पायांकडे बघत होत्या.

"एक डाव आणखी," त्या म्हणाल्या. "लूम बंद करून पुन्हा लावा म्हणा. पण आता तिले तुम्ही कडेवर घ्या, बाबनराव. पाय जमिनीले लागू देऊ नका."

*

बाबनरावांनी नातीला उचललं. तिचं वजन त्यांना पाठ होतं. तिनं सवयीनं त्यांच्या मिशीचं एक टोक पकडलं. मैनाबाईंनी जिन्यातून खाली हातानं सांगितलं, बंद. मग सांगितलं, लाव.

लूम लागला. बाबनरावांना ते आधी तळपायांना कळलं, कानांना मागाहून. आणि त्याच क्षणी त्यांच्या ध्यानात आलं की गेली कित्येक वर्षं आपल्यालाही असंच कळत आलंय.

नातीला काहीच कळलं नव्हतं. खाली लूम दणदणत होता, आणि ती त्यांच्या छातीशी निवांत बसून मिशीचा केस अन् केस वेगळा करत होती. तिच्या अंगात एवढीशीही हालचाल झाली नाही. ते कोणाला बाहेरून दिसलं नसतं. पण बाबनरावांनी तिला धरलं होतं, त्यांना ते हातांना समजलं, आणि हातांचं सांगणं त्यांनी आयुष्यात कधी खोटं मानलं नव्हतं.

"लूम बरोबर लागला नाही," ते म्हणाले.

खाली लूम दणदणतच होता.

"बेल्ट ढिला आहे त्याचा. आवाज कमी येते."

"अजी," मैनाबाई म्हणाल्या. त्या उठून नवऱ्याच्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या. "मी तुमाले मागून आवाज देणं कधी सोडलं, सांगू? अंजू पोटात होती तवा. तवापासून मी अशी तोंडासमोर येऊन बोलून राहिली तुमच्याशी. तुम्ही कधी म्हटलं नाही, मी बी कधी म्हटलं नाही. तुमचं चालून गेलं. तिचं कसं चालंल? तिनं तं अजून एक बी शब्द ऐकला नसंल."

एवढं सगळं मैनाबाई हळू आवाजात बोलल्या. ते बाबनरावांनी ओठांवरून वाचलं.

पंकज जिना चढून वर आला. "लागला न? पाहिलं का तिनं?" त्यानं सगळ्यांची तोंडं पाहिली आणि तो पायरीवरच बसला.

"मले माहीत होतं," तो म्हणाला.

मयुरीनं वळून पाहिलं. "काय माहीत होतं?"

"गणपतीत ढोलताशा दारावरून गेला, पोट्टी निजूनच होती. तवापासून मी पाहून राहिलो. तिच्या मागं गाडी उभी करतो अन् हॉर्न वाजवतो. पाच महिने झाले." तो फरशीकडे बघत बोलत होता. "म्हटलं, मी उशिरा बोललो, ते बी बोलंल. रोज म्हणत होतो, उद्या वळंल."

गिऱ्हाइकाला बोलू न देणारा हा माणूस पाच महिने मूग गिळून बसला होता. मयुरीच्या मनात आलं, समोरची परात उचलून याला मारावी. पाच महिने! एकाच खोलीत दोघं जण, एकमेकांपासून लपून, एकाच मुलीच्या मागं उभे राहून टाळ्या नि हॉर्न वाजवत होते.

"मंगळवारी मी तिले नेणार," ती म्हणाली. "तुम्ही या, नाही तं नका येऊ."

"येतो," पंकज म्हणाला.

"कोणी कुठं जाणार नाही," बाबनराव म्हणाले, पण गार्गीवरची मिठी त्यांनी सैल केली नव्हती. "एकदा दवाखान्याच्या कागदावर आलं की गल्लीत होते, अन् गल्लीत झालं की जन्माले चिकटते. अंजूचं काय झालं होतं, विसरले का सगळे? साखरपुडा ठरला होता. त्याईनं काय निरोप पाठवला? 'घरात बहिरेपण आहे.' माह्या कानापायी माह्या पोरीचं स्थळ मोडलं. आता नातीचं मोडू?"

ती जखम या घरात कोणी उघडत नसे. अंजूला पुढं चांगलं घर मिळालं, दोन मुलं झाली, तरी उमरेडचं ते पहिलं स्थळ हे शब्द कोणी तिच्यासमोर उच्चारत नव्हतं. त्यामुळं सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. बापाची बाजू आजवर तिनंच घेतली होती.

अंजूनं हातातला हलव्याचा हार खाली ठेवला.

"बाबा, तुम्ही एवढी वर्षं हेच समजून बसले का?"

"तेच झालं होतं."

"नाही झालं." ती बापासमोर आली, आईसारखीच अगदी तोंडासमोर. "माही सासू त्याच गल्लीतली आहे. तिनं मले लग्नानंतर सांगितलं. ते लोक दुसऱ्यांदा आपल्या घरी आले होते, आठवते का? त्याईच्या म्हाताऱ्यानं तुमाले काही विचारलं अन् तुमाले ऐकू नाही आलं. तुम्ही म्हटलं, हो हो, बरोबर आहे. मंग त्यानं विचारलं, 'तुमाले कमी ऐकू येते का?' तुम्ही 'हो, कमी येते' म्हटलं असतं तं तो हसला असता, त्याचेच दोन भाऊ मिलमध्ये होते. पण बाजूले बसलेल्या आपल्या काकानं मधीच सांगितलं, नाही नाही, कान चांगले आहेत. तवा त्याईले वाटलं, हे लोक लपवून राहिले, म्हणजे पोरीत बी काही असंल. स्थळ तुमच्या कानापायी नाही मोडलं बाबा. लपवल्यापायी मोडलं."

बाबनराव खुर्चीवर बसले. अठरा वर्षं जे ओझं त्यांनी कानांवर घातलं होतं, ते तिथलं नव्हतंच. त्यांना लाज वाटली आणि हलकंही वाटलं, दोन्ही एकदम. गार्गीनं त्यांच्या तोंडात एक बोर कोंबलं.

"आधी काहून नाही सांगितलं वं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तुमाले वाईट वाटंल म्हणून," अंजू म्हणाली, आणि स्वतःच्याच उत्तरावर रडता रडता हसली. "आपल्या घरी हेच तं करतो आपण सगळे."

*

मंगळवारी सकाळी मयुरी आणि पंकज निघाले, तेव्हा बाबनराव इस्त्रीचा सदरा घालून आधीच ऑटोत बसले होते. मयुरी गार्गीला घेऊन त्यांच्या शेजारी बसली.

कानाच्या विभागातल्या भूमिका मॅडम वयानं लहान होत्या, पण त्या बोलताना समोर बघून बोलत, त्यामुळं बाबनरावांना त्या पहिल्या वाक्यातच आवडल्या. औषध देऊन गार्गीला झोपवलं, डोक्याला तारा चिकटवल्या, आणि आई-बाप-आजा तिघंही एका पडद्यावरच्या रेघांकडे बघत राहिले. त्या रेघांतलं त्यांना काही कळत नव्हतं. मॅडमच्या चेहऱ्यावरून बाबनरावांना कळलं.

"दोन्ही कानांनी खूपच कमी ऐकू येतं तिला," भूमिका मॅडम म्हणाल्या. "अगदी जवळचा, अगदी मोठा आवाज थोडासा पोचत असेल. बोलणं पोचत नाही. जन्मापासूनच असावं."

मयुरी रडली. तिला हे माहीत होतं, तरी रडली. पंकजनं तिचा हात धरला आणि तिनं तो झिडकारला नाही.

"आता कानात मशीन लावू. आठवड्यातून दोनदा इथं यायचं, बोलायला शिकवू. काही महिने बघू, मशीन पुरलं नाही तर ऑपरेशनचाही विचार करू. सहा महिने, वर्षभर आधी आला असतात तर जास्त बरं झालं असतं, हे मी लपवणार नाही. पण अजून वेळ गेलेली नाही." त्यांनी फाइल उघडली. "सध्या किती शब्द आहेत तिच्याकडे?"

"एकही नाही," मयुरी म्हणाली.

मॅडमनी शून्य लिहायला पेन टेकवलं.

"थांबा," बाबनराव म्हणाले. "एक बी नाही कसा?"

"मामाजी, तोंडानं म्हणून राहिल्या त्या."

"त्याईनं तोंडाचं कुठं विचारलं? शब्द विचारले." ते खुर्ची पुढं ओढून बसले. "लिहा मॅडम. पाणी." अंगठा ओठाला लावला. "चहा. जेवण. ये. जा. तुटलं. संपलं. आणखी दे. गरम. थांब. जॉबर, म्हणजे मी." मिशीला पीळ दिला. "आजी. आई. बाप, त्याले ते गाडीची मूठ पिरगाळून दाखवते. झोप. दुखते. खोटं."

"खोटं?"

"हो जी. मिलमध्ये फार लागे हा शब्द."

भूमिका मॅडम लिहीत होत्या. पंधरानंतर त्यांनी वर पाहिलं, तिसानंतर त्यांनी नवा कागद घेतला. पंकजही मधेच आठवून आठवून सांगू लागला, मग मयुरीही. घरातल्या घरात वापरून गुळगुळीत झालेल्या त्या खुणा अशा ओळीनं कोणी कधी मांडल्या नव्हत्या. सांगता सांगता मयुरीला ते उमगत गेलं. आपली मुलगी बोलत नाही म्हणून ती तीन महिने रडत होती, आणि ती मुलगी दिवसभर तिच्याशी बोलत होती.

"दोन खुणा जोडते का?" मॅडमनी विचारलं.

उत्तर द्यायची गरज पडली नाही. गार्गी आईच्या मांडीवर जागी झाली होती. औषधाच्या गुंगीत तिनं डोळे चोळले, आजोबांना पाहिलं, मिशीला पीळ दिला आणि अंगठा ओठाला लावला.

"आजोबा, पाणी," पंकजनं भाषांतर केलं आणि तो पाण्याची बाटली काढू लागला.

पाणी पिऊन झाल्यावर गार्गीनं खोलीभर नजर फिरवली. भूमिका मॅडमच्या गळ्यात कानाला लावायचे मोठे हेडफोन अडकले होते. तिनं बराच वेळ ते न्याहाळले. मग मॅडमकडे बोट केलं आणि दोन्ही तळवे स्वतःच्या कानांवर टेकवले. पुन्हा बोट केलं, पुन्हा तळवे टेकवले, आणि समजलं का म्हणून आजोबांकडे पाहिलं.

"नाव ठेवलं तुमचं," बाबनराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. "हा शब्द आमच्या मिलमध्ये नव्हता मॅडम. हा तिचा आहे."

भूमिका मॅडमनी पेन खाली ठेवलं. "माझ्याकडे अशी मुलं येतात," त्या म्हणाल्या, "की घरच्यांशी बोलायला त्यांच्याकडे काहीच नसतं. तीन-तीन वर्षं एकटी असतात. ही एकटी नाही. तुमच्या या बोलीमुळं कानांचं उशिरा कळलं, हे खरं. पण हिचं डोकं एक दिवसही रिकामं राहिलं नाही, तेही त्या बोलीमुळंच. ती बंद करू नका. तिच्याबरोबर तोंडानंही बोला, समोर येऊन. आणि मशीन लावल्यावर रोज काही वेळ घर शांत लागेल. लूमच्या आवाजात तिला काही शिकता येणार नाही."

"दुपारी चार ते सहा लूम बंद," बाबनराव लगेच म्हणाले. सणासुदीशिवाय एक तासही लूम बंद ठेवायचा म्हटलं की या माणसाचा जीव जायचा; पंकज आणि मयुरी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले.

फाइलवर मॅडमनी लिहिलं : शब्द सत्तेचाळीस, सर्व हातांचे. बाबनरावांनी ते स्वतः वाचून खात्री केली. घरी येईपर्यंत ती फाइल त्यांनी कोणाच्या हातात दिली नाही.

*

गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबला. वामनराव आपल्या ओट्यावर नातवाला मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्या ओट्यावरून बातमी चुकून सुटत नसे. शेजारच्या दोन बायाही दारात आल्या.

"काय जी बाबनराव, सकाळीच सगळे दवाखान्यात?" वामनराव म्हणाले. "पोट्टीले काही झालं का?"

"काही नाही काका," पंकजच्या तोंडून सवयीनं निघालं. "जराशी सर्दी..."

"सर्दी नाही," बाबनराव म्हणाले.

ते गल्लीच्या मधोमध थांबले. मयुरीनं गार्गीला घट्ट धरलं. मैनाबाई वरच्या खिडकीत येऊन उभ्या होत्या.

"माह्या नातीले ऐकू येत नाही," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "दोन्ही कानांनं. मशीन लागणार आहे. अन् मले बी ऐकू येत नाही, कित्येक वर्षं झाले. तुमाले माहीत होतं, मीच सांगत नव्हतो."

वामनरावांनी नातवाला सावरलं. "अरेरे," ते म्हणाले. "म्हणजे पोट्टी बोलणार नाही का जी?"

"बोलणार नाही?" बाबनरावांनी फाइल उघडून त्यांच्यासमोर धरली. "सत्तेचाळीस शब्द बोलते. सरकारी कागदावर लिहून आणले. एक तं आज तिनं माह्यासमोर नवा बनवला. तुमचा नातू किती बोलते?"

वामनरावांनी मांडीवरच्या पोराकडे पाहिलं. "दीड वर्षाचा आहे बा तो. बोलते न... म्हणजे काहीबाही बोलते. मोजले नाही कधी."

"मोजा," बाबनराव म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "आजच मोजा वामनराव. आम्ही उशिरा मोजले."